गादीतलं गादीत

विनोद आवडला नाही की चाचा मशीन सुरू करायचे. तोंडानं काही म्हणायचे नाहीत, मान हलवायचे नाहीत, माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मी दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात कापसाच्या दोन ढिगांमध्ये माइक धरून बसलेलो असायचो, रंगात येऊन एखादा किस्सा सांगत असायचो, आणि मध्येच घर्रर्र करत पिंजायचं मशीन चालू व्हायचं. मग कसलं रेकॉर्डिंग आणि कसलं काय. मी गप्प बसायचो. दोन मिनिटांनी मशीनही गप्प बसायचं. मी तोच किस्सा जरा फिरवून पुन्हा सांगायचो. या वेळी मशीन बंदच राहिलं तर समजायचं, चालतंय. पहिले सहा महिने मला हा योगायोग वाटला. मग एकदा मी मुद्दाम, पारख करायला म्हणून, बायकोच्या स्वयंपाकावरचा एक अत्यंत टाकाऊ विनोद केला. चाचांनी मशीन तर लावलंच, वर पंखाही सोडला. दुकानभर कापूस उडाला आणि मी तासभर शिंकत होतो.

मी मूळचा बागलाणातल्या नामपूरचा. नाशिकला एका विमा कंपनीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात ‘लाईट गेली वाटतं’ नावाचं विनोदी पॉडकास्ट करतो. पाठीशी कंपनी नाही, जाहिरात नाही. मी, एक माइक आणि नामपूरच्या आठवणी, एवढंच भांडवल. गावात नवीन एटीएम आलं तेव्हा त्याच्या एसीत बसायला कोण कोण जायचं, लग्नाच्या पंगतीत भांडण लावायची खात्रीची पद्धत कोणती, असले विषय. ऐकणारे सुरुवातीला बेचाळीस होते. त्यांतले निम्मे माझे नातेवाईक आणि उरलेले त्यांनी जबरदस्ती केलेले.

अडचण होती ती आवाजाची. नाशिकरोडला माझी भाड्याची खोली होती. तिथे मी एक वाक्य बोललो की भिंत ते मला परत करायची. शेजारी कुकरच्या शिट्ट्या, खाली रिक्षा स्टँड. शेवटी गोधडी डोक्यावर घेऊन बोलायला लागलो, तर घरमालकीणबाईंनी माझ्या आईला फोन करून विचारलं की मुलाला काही त्रास आहे का. अशा दिवसांत मी गादी भरून घ्यायला चाचांच्या दुकानात शिरलो, ‘गादी किती दिवसांत मिळेल’ असं विचारलं आणि चमकलो. माझा आवाज कुठेही न आपटता सरळ कापसात जाऊन झोपला होता. पैसे मोजूनही असा स्टुडिओ मिळाला नसता. मी भीत भीत परवानगी मागितली. चाचांनी विचारलं, “गाव कोणतं?” मी म्हटलं नामपूर. “मग बस,” म्हणाले, “नामपूरच्या माणसाला बोलल्याशिवाय जमत नाही, मला माहीत आहे.”

त्या दिवसापासून माझं नाव नामपूर. चाचा कोणालाच नावानं हाक मारत नसत. गिऱ्हाईक ज्या गावचं, तेच त्याचं नाव. “ओ इगतपुरी, उद्या या.” “काय एकलहरे, सून बरी आहे?” गावावरून त्यांना गादी कळायची आणि गादीवरून गाव. इगतपुरीची गादी आली की आधी दोन दिवस उन्हात टाकायचे, मगच हात लावायचे. “हिला सहा महिने पडसं असतं,” म्हणायचे. एकलहऱ्याची गादी झटकली की वीज केंद्राची बारीक करडी राख निघायची. आणि नामपूरची? “नामपूरच्या गादीत कांद्याची सालं असतात. आणि गोष्टी.” यापुढे बोलायचे नाहीत.

खोळ उसवण्याआधी गादी जमिनीवर पसरून ते तिच्याकडे थोडा वेळ बघत बसायचे. झोपणाऱ्या माणसाचा खळगा पाहायचे. “हा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपतो. बायकोशी बोलत नाही.” “हिच्यावर झोपणारा पसरून झोपतो, म्हणजे घरात ह्याचं कोणी ऐकत नाही. दिवसा मिळत नाही ती जागा रात्री घेतो.” मी एकदा माझी गादी दाखवली. बराच वेळ बघून म्हणाले, “तू झोपेतही मोबाईल बघतोस.” फोमच्या गादीला ते गादी म्हणायचेच नाहीत. “स्पंज,” म्हणायचे. “स्पंज भांडी घासायला. माणसानं त्याच्यावर झोपलं तर माणूस भांडं होतो.” आणि हे सगळं सांगणारा माणूस स्वतः जन्मभर चटईवर झोपला. विचारलं तर म्हणायचे, “दिवसभर दुसऱ्यांच्या झोपेत हात घालतो. रात्री तरी सुट्टी नको?”

भुवयांवर बारमाही कापूस, शर्टाच्या कॉलरला दाभण टोचलेलं, आणि मोबाईल छताच्या खिळ्याला दोरीनं टांगलेला. कापसात हरवतो म्हणून. त्यामुळे फोन आला की चाचा उभे राहून, तोंड वर करून, आभाळाशी बोलल्यासारखे ओरडायचे. चाचींचा फोन आला तर उर्दू, नाशिककरांशी मराठी, आणि नामपूरकरांशी चक्क अहिराणी. माझ्यापेक्षा चांगली. चाळीस वर्षं दर होळीनंतर महिनाभर ते नामपूरला जायचे. लग्नसराईच्या आधी सगळ्या गावाच्या गाद्या भरून द्यायचे. जुन्या काळी धनुष्यासारखं पिंजण खांद्यावर टाकून एसटीनं, पुढे टेम्पोत मशीन घालून. या महिन्यावर त्यांचं फार प्रेम होतं. “नाशिकात मी दुकानदार,” म्हणायचे, “नामपूरात मी पाहुणा.”

आता त्यांच्या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे. गादी भरायला दिली की घरातलं कोणीतरी समोर बसून राहतं. आपला चांगला कापूस काढून पिंजाऱ्यानं दुसऱ्याचा वाईट घालू नये म्हणून. अविश्वासाची ही रीत इतकी जुनी आहे की तिचा कोणालाच राग येत नाही. पिंजारी स्वतःच बसायला पोतं देतो. मी कोपऱ्यात असायचो, समोर गिऱ्हाईक असायचं, आणि चाचा कापूस उपसत असायचे. कधीतरी त्यांचा हात कापसात मध्येच थांबायचा. पाव सेकंद. मग मांडी जराशी उचलली जायची, परत बसायची. पुढे बोलणं, पिंजणं, भरणं सगळं नेहमीसारखं. शेवटचे टाके घालायच्या वेळी तीच मांडी पुन्हा उचलली जायची. समोर टक लावून बसलेल्या सुनेला, सासूला, मुलाला काही कळायचं नाही. त्यांचं लक्ष कापसावर.

मला हे कळायला वर्ष लागलं. गादीत जे निघेल ते चाचा परत गादीतच भरत होते. ज्या बाजूला निघालं त्याच बाजूला.

एकदा गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारलंच, “चाचा, काय होतं ते?”

“तुझा माइक चालू आहे का?”

“नाही.”

“मग चालू कर आणि तुझं काम कर.” थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, “गादी माझी नाही. कापूस माझा नाही. मग त्याच्यातली गोष्ट माझी कुठून झाली?”

इथे मला थांबता आलं असतं. पण विनोद करणाऱ्या माणसाची जीभ आणि कुत्र्याचं शेपूट, दोन्ही धन्याच्या हातात नसतात. एकदा त्या मांडीखाली जाताना एक घडी घातलेला पिवळट कागद मला ओझरता दिसला. गादी कोणाची होती, कुठल्या गावची, मला माहीत नव्हतं. कागद कसला तेही माहीत नव्हतं. पण तो कागद डोक्यातून जाईना. आठ दिवसांत त्या कागदाची मी एक गोष्ट रचली. एका गावात एक प्रतिष्ठित गृहस्थ असतात. दहावी गणितात नापास. गुणपत्रिका गादीत लपवलेली. पुढे ते गावात मोठे होतात, दर सव्वीस जानेवारीला शाळेत अभ्यासाचं महत्त्व सांगतात, आणि घरी येऊन आपल्याच नापासावर झोपतात. एक दिवस बायको गादी भरायला काढते. गृहस्थ पिंजाऱ्यापुढे दिवसभर बसून राहतात, आणि बायको खूश होते की ह्यांना घरच्या कापसाची केवढी काळजी!

गोष्ट चांगली होती. मी ती शुक्रवारी दुपारी रेकॉर्ड केली. शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला जायचे. मशीन लावायला दुकानात कोणी नव्हतं. हे मी तेव्हा ठरवून केलं असं म्हणणार नाही, पण चाचा परत आले आणि “झालं का?” म्हणाले तेव्हा मी “झालं” एवढंच म्हणून माइकची वायर गुंडाळायला लागलो. मनात खोट असल्याशिवाय मी कधीच वायर इतकी नीट गुंडाळत नाही.

तो भाग तुफान गेला. बेचाळीसाचे कधीच हजारो झाले होते, पण नामपूरच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलेला हा पहिलाच भाग. आणि त्याच रविवारी मला पहिला फोन आला. लांबच्या नात्यातले एक मामा. आवाज दबका.

“तुले कोनी सांगं?”

“काय कोणी सांगितलं, मामा?”

“जास्त शहाना बनू नको.” फोन बंद.

संध्याकाळी शाळा समितीच्या अध्यक्षांचा संदेश आला. ‘विनोद जरूर करावा. परंतु व्यक्तीचा उल्लेख टाळावा.’ मी कोणत्याच व्यक्तीचा उल्लेख केला नव्हता. मग आणखी तिघं जण. म्हणजे मी हवेत सोडलेला एक दगड पाच जणांना लागला होता, आणि पाचही जण खात्रीनं सांगत होते की नेम त्यांच्यावरच होता. मला आधी हसू आलं. खोटं कशाला बोलू, मी पोट धरून हसलो.

पण त्याच आठवड्यात नामपूरच्या बायकांनी गाद्या उसवायला घेतल्या होत्या. आई रोज फोनवर बातम्या द्यायची. देवापुढे तंबाखू सोडलेल्या एकाच्या गादीत तंबाखूचा पुडा निघाला. एकाच्या गादीत एका अनोळखी बाईचा पासपोर्ट फोटो. एका घरात तर कवळी निघाली. एका लग्नात चोरीला गेली म्हणून जाहीर झालेली, जिच्यापायी दोन भाऊबंदांत बोलणं बंद होतं, ती कवळी. आणि ह्या सगळ्या गाद्या चाचांनी दोनदा, चारदा भरलेल्या. म्हणजे पिंजाऱ्याला सगळं ठाऊक होतं. आणि मी दर भागाच्या शेवटी मोठ्या ऐटीत काय म्हणायचो? ‘रेकॉर्डिंग, चाचांच्या गादीच्या दुकानात.’ नामपूरला दोन आणि दोन चार करायला वेळ लागला नाही. निम्म्या गावाला राग आला की चाचांनी सांगितलं. उरलेल्या निम्म्या गावाला, म्हणजे बायकांना, राग आला की इतकी वर्षं सांगितलं का नाही.

होळी जवळ आली. दर वर्षी या दिवसांत खिळ्यावरचा फोन दिवसभर वाजायचा. आमचा नंबर आधी लावा, आमच्याकडे लग्न आहे, यंदा जेवायला आमच्याकडे. त्या वर्षी फोन नुसता लोंबकळत राहिला. चाचा काम करता करता वर बघायचे, पुन्हा मान खाली. शेवटी त्यांनीच एका जुन्या घरी फोन लावला. पलीकडून बोललेलं मला कोपऱ्यातही ऐकू आलं. “राहू द्या चाचा. यंदा आम्ही स्पंजची लई ली.” विकतच घेतली होती.

चाचा बराच वेळ तसेच तोंड वर करून उभे होते. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी सगळं सांगून टाकलं. कागद दिसला ते, गोष्ट रचली ते, शुक्रवार निवडला तेही.

“कागदावर काय होतं, तुला माहीत होतं?”

“नाही.”

“म्हणजे कागद तू लिहिलास.”

“हो.”

“लिही ना. लिहायला कोण नको म्हणतो?” कॉलरचं दाभण काढून त्यांनी पुन्हा टोचलं. “पण लिहून ठेवलास माझ्या मांडीखाली.”

मी म्हटलं, चाचा, तुम्ही लोकांना सांगा की तुम्ही कधीच काही बोलला नाहीत. ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले की जणू मी पुन्हा बायकोच्या स्वयंपाकावरचा विनोद केला. “कोणाला सांगू? ज्याच्या दारात जाऊन म्हणेन, भाऊ, तुमच्या गादीचं मी कोणाला सांगितलं नाही, त्याची बायको काय म्हणेल? म्हणेल, म्हणजे ह्यांच्याही गादीत होतं तर!”

त्यांचं म्हणणं खरंच होतं. ज्या माणसानं चाळीस वर्षं तोंड उघडलं नव्हतं, त्याला ते सिद्ध करायलासुद्धा तोंड उघडता येत नव्हतं. त्या गावात त्यांनी दुसरं काही कमावलं नव्हतं. लोक दार उघडून आपली गादी त्यांच्यापुढे टाकत, एवढीच कमाई, आणि ती मी एका शुक्रवारी घालवली होती.

मी माफीचा भाग केला. त्यात सरळ ठोकून दिलं की ती गोष्ट माझीच होती, दहावीला नापास मीच झालो होतो, गुणपत्रिका माझ्याच गादीत होती. तासाभरात आमच्या वर्गशिक्षकांनी ग्रुपवर लिहिलं, ‘हा विद्यार्थी वर्गात दुसरा आला होता. कृपया अफवा पसरवू नयेत.’ नामपूरमध्ये माणसाला निवांतपणे नापाससुद्धा होता येत नाही.

होळी झाली आणि चाचांनी टेम्पो सांगितला. बोलावणं एकाचंही नव्हतं. मी म्हटलं, यंदा नका जाऊ. “गिऱ्हाईक रागावलं म्हणून गाव सोडायचं?” म्हणाले, “उद्या तू रागावशील, मग नाशिक सोडू?” मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेलो.

दर वर्षीच्या जागी, शाळेच्या कंपाऊंडला लागून कडुनिंबाखाली मशीन उतरवलं. चाचा पोतं अंथरून बसले. समोर गिऱ्हाइकासाठी दुसरं पोतं अंथरलं. लोक येत होते, जात होते. “काय चाचा, बरं शे ना?” म्हणत होते आणि चाल वाढवत होते. आमचं गाव कोणाचा अपमान करत नाही, तब्येतीची चौकशी करतं. हॉटेलातून चहा येत होता. गादी येत नव्हती. असे दोन दिवस गेले. चाचांनी रिकाम्या मशीनला तेल घातलं, दाभणं पुसून ठेवली, पुन्हा पुसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला म्हणाले, “नामपूर, एखादा विनोद सांग.” मला एकही सुचला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाना, म्हणजे माझे वडील, कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन मार्केटला गेले आणि मी त्यांच्या खाटेवरची गादी ओढून डोक्यावर घेतली. आई मागे धावली.

“अरे, गादी कोठे ली चालना? येडा शे का तू?”

“भरायला,” म्हटलं, आणि सुटलो.

माझ्या डोक्यात योजना अशी होती की भर गावात आमच्याच घरची गादी उसवायची, तिच्यात जे काय निघेल ते सगळ्यांना दाखवायला लावायचं, गावानं आम्हाला पोटभर हसावं आणि फिट्टंफाट व्हावी. निघून काय निघणार? नानांसारख्या सरळ माणसाच्या गादीत फार तर कांद्याची पावती निघेल असं मी धरून चाललो होतो.

गादी पडली तशी माणसं जमली. रीतीप्रमाणे आई समोरच्या पोत्यावर बसली, कापसावर नजर ठेवून. मी रेकॉर्डर घेऊन चाचांच्या शेजारी गुडघ्यांवर बसलो. चाचांनी खळगा पाहिला. खोळ उसवली, कापूस उपसायला लागले. आणि हात थांबला. मांडी उचलली गेली, परत बसली. पण या वेळी सगळं गाव हाताकडे नाही, मांडीकडेच बघत होतं.

“काय निंघनं?” आईनं विचारलं.

मी उठून उभा राहिलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “चाचा, दाखवा. आमच्या घरची गादी आहे. मीच सांगतो, दाखवा.”

चाचांनी मान वर केली. “झोपतं कोण हिच्यावर?”

“नाना.”

“मग तुझी कशी?”

“मी त्यांचा मुलगा आहे.”

“असशील. झोपतोस का?” आणि कापूस पिंजायला घेतला.

नाना येईपर्यंत दीड तास गेला. एकही माणूस हलला नाही, उलट वाढले. शाळा समितीचे अध्यक्ष येऊन मागे उभे राहिले. मला फोन करणारे मामाही होते. कवळीवाले दोघं भाऊबंद होते, एकमेकांपासून लांब. कापूस पिंजून झाला तरी चाचा जागचे उठले नाहीत. मध्ये दुपारची अजान झाली. जमलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की अजान झाली की चाचा हातातलं काम टाकून उठतात. लग्नघरची नवरीची गादी असली तरी उठतात. चाचांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, डोळे मिटून ओठांत काहीतरी पुटपुटले आणि बसून राहिले. उठले असते तर मांडीखालचं उघडं पडलं असतं. गर्दीत कुजबुज चालली होती ती थांबली. मी हे काय करून बसलो होतो?

ट्रॅक्टर आला. नानांनी गर्दी बघितली, आपली उसवलेली गादी बघितली, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. आयुष्यात मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. चाचा सगळ्या गावासमोर, नेहमीच्या आवाजात म्हणाले, “नाना, कापूस चांगला आहे. काही कमी करू, का आहे तसं भरू?”

नाना ट्रॅक्टरवरून खाली उतरले. मग म्हणाले, “आहे तसं भरा.”

“आहे तसं,” चाचा म्हणाले.

खोळ ओढली, कापूस भरला, मांडी उचलली, बसली. शेवटचे टाके पडले. आई डोळ्यांत तेल घालून बघत होती आणि तिला काहीही दिसलं नाही. मग चाचा गुडघ्यांवर हात ठेवून हळूच उठले, पाय आखडले होते, आणि पाण्याचा लोटा घेऊन नमाजाला गेले. नानांनी गादी स्वतःच्या डोक्यावर घेतली. मी हात लावायला गेलो तर माझ्याकडे न बघता म्हणाले, “राहू दे.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच अध्यक्ष स्वतः दोन गाद्या घेऊन आले. त्यांना पोत्यावर बसायचा आग्रह केला तर “कशाला?” म्हणाले आणि निघून गेले. दुपारपर्यंत कडुनिंबाखाली गाद्यांची थप्पी लागली. त्या वर्षी चाचा नेहमीच्या महिन्याहून पाऊण महिना जास्त राहिले. स्पंजवाल्यांनीही जुनी गादी माळ्यावरून खाली काढली. मला मात्र गावानं अजून माफ केलेलं नाही, आणि ते योग्यच आहे.

पुढे गुडघे धरले तसे चाचा मालेगावला मुलीकडे गेले. नाशिकरोडच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. मी कपाटात डोकं घालून रेकॉर्डिंग करतो, आणि वाईट विनोद केला की मला थांबवणारं कोणी नाही. ऐकणाऱ्यांच्या ते लक्षात आलेलं आहे.

त्या दुपारचा रेकॉर्डर चालूच राहिला होता. त्यात दीड तास कापसाचा आवाज आहे आणि अजान आणि त्या मोजक्या वाक्यांशिवाय काही नाही. पण मी चाचांच्या शेजारी गुडघ्यांवर होतो, हातभर अंतरावर, आणि मांडी बसायच्या आत ते मी पाहिलं होतं. त्याच्याइतका मजेशीर आणि त्याच्याइतका जीव कासावीस करणारा ऐवज माझ्या हाती पुन्हा लागणार नाही. पॉडकास्टवर मी माझं पहिलं प्रेम सांगितलं, लग्नातली फजिती सांगितली, घरात कोणाला काय म्हणून चिडवतात तेही सांगितलं. हे सांगितलं तर महाराष्ट्र हसेल. माझा बाप मात्र त्यानंतर कुठे तोंड लपवेल, मला माहीत नाही. नानांनी मला कधी विचारलं नाही, तू पाहिलंस का. मीही सांगितलं नाही.

आई मात्र सोडत नाही. परवा पुन्हा फोन. आधी कांद्याचे भाव, मग माझं वजन, मग आवाज खाली आणून, “खरं सांग रे. तू तर एकदम जवळ व्हता. काय व्हतं गादीमझार?”

“कापूस,” मी म्हटलं.

पलीकडे आईनं मोठा सुस्कारा सोडला.

“तुना नानाबी हाईच सांगतस,” ती म्हणाली.